असेम्ब्लर प्रोग्रॅमचा डंप वाचायचा कसा? मेनफ्रेमवाल्यांनो, इकडे या

रानजाई

नमस्कार मंडळी. पुण्यात एका मेनफ्रेम सपोर्ट टीममध्ये काम करते. आजवर सगळं कोबोल, जेसीएल (जॉब चालवायच्या आज्ञा) आणि डीबीटू (डेटाबेस). हल्लीच आमच्याकडे असेम्ब्लरमधले जुने बॅच प्रोग्रॅम सोपवलेत. ते ज्यांना तोंडपाठ होते ते गृहस्थ निवृत्त झाले. सोर्स आहे, लिस्टिंग (असेम्ब्लरने छापलेला सोर्स आणि शेजारी त्याचं हेक्स) आहे, कमेंट जेमतेम.

टेस्ट रीजनमध्ये त्यातला एक जॉब पडला. ॲबेंड (प्रोग्रॅम अर्ध्यातच बंद पडणं) एस०सी७, म्हणजे डेटा एक्सेप्शन, इथवर कळतं. कोबोलमध्ये असं झालं की ॲबेंड वाचणारं टूल उघडायचं, ओळ नंबर बघायचा, की झालं. या प्रोग्रॅमसाठी ते टूल जोडलेलंच नाही. जेसीएलमध्ये सिसयूडंपचं डीडी कार्ड (पडल्या क्षणीची मेमरी, म्हणजे डंप, छापायला सांगणारी ओळ) आहे, त्यामुळे स्पूलवर पानंच्या पानं हेक्स येऊन पडलंय. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि दहाव्या पानावर कशाचा कशाला पत्ता लागेना.

मला या एका जॉबचं उत्तर नकोय, रीत शिकायची आहे. कुणी हाताला धरून शिकवाल का?

(हेक्सचे अंक मी देवनागरीतच लिहिते आहे. ए ते एफ म्हणजे दहा ते पंधरा.)

जुना_यंत्री

रानजाई, प्रश्न चांगला विचारलात. रीत शिकायची म्हणणारे फार कमी भेटतात.

डंप पहिल्या पानापासून कधीच वाचायचा नसतो. त्यातली शंभरातली नव्वद पानं तुमच्या कामाची नाहीत. तुम्हाला लागतात चार गोष्टी: चूक झाली त्या क्षणीचा पीएसडब्ल्यू (यंत्र कुठल्या सूचनेवर आहे ती नोंद), त्याच्या शेजारी छापलेला आयएलसी (सूचनेची लांबी), तुमचं मॉड्यूल मेमरीत कुठे लोड झालं तो पत्ता, आणि सोळा रजिस्टरांतल्या किमती. तेवढं इथे टाका. हो, खरे खातेक्रमांक किंवा नावं टाकू नका. डंपमध्ये ग्राहकांची माहिती जशीच्या तशी असते, टेस्ट रीजन असला तरी ती बहुतेक वेळा प्रॉडक्शनमधूनच आणलेली असते.

तोवर लिस्टिंग शेजारी उघडून ठेवा. लिस्टिंगशिवाय डंप वाचता येतो, पण शिकताना तसा हट्ट धरू नये. आणि लिस्टिंग त्याच लोड मॉड्यूलची (चालवायला तयार प्रोग्रॅमची) आहे ना, हे असेम्बल केल्याच्या तारखेवरून ताडून पाहा. सोर्स नवा आणि मॉड्यूल जुनं असेल तर पुढचं सगळं गणित वाया.

रानजाई

धन्यवाद काका. (काका म्हटलं तर चालेल ना?) तारीख ताडली, जुळते. बाकी हे सापडलं:

पीएसडब्ल्यू: ०७८डी१००० ००००७२०२, आयएलसी ६, आयएनटीसी (इंटरप्ट कोड) ०७
मॉड्यूलचा एन्ट्री पॉइंट (सुरुवातीचा पत्ता): ००००७०४०
रजिस्टर ५: ००००९१२०
रजिस्टर १२: ००००७०४६

बाकीची रजिस्टरं लागली तर देते. ओळखीची माहिती बदलून टाकली आहे.

जुना_यंत्री

काका चालेल.

आता बघा. पीएसडब्ल्यूचा दुसरा शब्द म्हणजे ७२०२ हा पत्ता. नवख्याला वाटतं चूक ७२०२ ला झाली. तसं नाही. एस०सी७ मध्ये पीएसडब्ल्यू *पुढच्या* सूचनेवर उभा असतो. चुकलेली सूचना त्याच्या मागे. किती मागे? ते आयएलसी सांगतो: सहा बाइट.

या यंत्राच्या सूचना दोन, चार किंवा सहा बाइटच्या असतात आणि लांबी ओपकोडच्या (सूचना कोणती ते सांगणाऱ्या पहिल्या बाइटच्या) पहिल्या दोन बिटांत लिहिलेली असते. ०० असेल तर दोन, ०१ किंवा १० असेल तर चार, ११ असेल तर सहा. १९६४ च्या सिस्टिम/३६० पासून हा नियम आजच्या झेडपर्यंत तसाच चालत आलाय. म्हणून ओपकोडचा पहिला अंक ० ते ३ असेल तर दोन बाइट, ४ ते बी असेल तर चार, सी ते एफ असेल तर सहा. हे एकदा मनात बसलं की हेक्सच्या रांगेतून सूचना नुसत्या नजरेने सुट्या करता येतात.

७२०२ मधून ६ वजा करा. हेक्समध्ये करा, दहाच्या पायाने नको: उत्तर ७१एफसी. त्यातून एन्ट्री पॉइंट ७०४० वजा करा: १बीसी. हा झाला ऑफसेट. लिस्टिंगमध्ये डावीकडच्या लोकेशनच्या रकान्यात ०००१बीसी शोधा आणि तिथे काय आहे ते सांगा.

त्याआधी एक तपासणी मी नेहमी करतो. तुमचा प्रोग्रॅम एसटीएम १४,१२,१२(१३) ने सुरू होऊन लगेच बीएएसआर १२,० आणि यूझिंग *,१२ आहे ना? एसटीएम चार बाइट, बीएएसआर दोन, म्हणजे रजिस्टर १२ मध्ये एन्ट्री पॉइंट अधिक ६ असायला हवा. ७०४० अधिक ६, ७०४६. तुमच्याकडे नेमका तोच आहे. म्हणजे बेस रजिस्टर (ज्याच्यापासून अंतर मोजून पत्ते काढतात ते) शाबूत आहे. हे आधी न बघता लोक पुढे जातात आणि बेसच बिघडलेला असेल तर नसलेल्या गोष्टी शोधत बसतात.

रानजाई

मिळालं! १बीसी वर हे आहे:

एफए४३ सी२१० ५०१४ एपी टोटल,रकम

म्हणजे रकम ही टोटलमध्ये मिळवताना पडला. रकम हे इनपुट रेकॉर्डमधलं फील्ड आहे, रेकॉर्डचा डीसेक्ट (फील्डांची मांडणी) रजिस्टर ५ वर आहे. पण मधले आकडे कसे वाचायचे?

जुना_यंत्री

एफए म्हणजे एपी, पॅक्ड दशांश बेरीज. पुढचे ४ आणि ३ या दोन्ही फील्डांच्या लांब्या, पण एकने कमी करून लिहिलेल्या. म्हणजे पहिलं फील्ड पाच बाइट, दुसरं चार.

सी२१० मध्ये पहिला अंक सी म्हणजे बेस रजिस्टर १२, आणि २१० त्याच्यापासूनचं अंतर. ५०१४ मध्ये बेस रजिस्टर ५, अंतर १४ (हेक्स, म्हणजे वीस बाइट).

आता तुम्हीच काढा: दोन्ही फील्डांचे पत्ते कोणते आणि डंपमध्ये तिथे काय आहे? डंपच्या साठवणीच्या भागात डावीकडे पत्ता, मधे हेक्स, उजवीकडे तेच अक्षरांत असं छापलेलं असतं. रकमेच्या आजूबाजूच्या दोन ओळी पूर्ण द्या. फक्त ते चार बाइट देऊ नका.

रानजाई

टोटल: ७०४६ अधिक २१० = ७२५६. तिथे ००००००००० सी (पाच बाइट).
रकम: ९१२० अधिक १४ = ९१३४. तिथे ४०४०४०४०.

आजूबाजूच्या ओळी:

९१२० डी४सी८एफ०एफ४ एफ४एफ१एफ७एफ२ एफ९एफ०डी७ई४ डी५सी५४०४०
९१३० ४०४०४०४० ४०४०४०४० ००१२३४५सी

उजवीकडे एमएच०४४१७२९०पुणे (इंग्रजी अक्षरांत), मग मोकळी जागा.

४० म्हणजे एबसिडिकमधली (मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतातली) स्पेस, एवढं मला माहीत होतं. म्हणजे रकमेच्या जागी स्पेस आल्यात. पॅक्ड फील्डच्या अगदी शेवटच्या निबलमध्ये (अर्ध्या बाइटमध्ये) चिन्ह लागतं, सी, डी किंवा एफ. इथे ० आहे. म्हणून पडला. बरोबर?

कोकणकडा

रानजाई, सापडलं की. आमच्याकडेही हे कायम होतं. वरून येणाऱ्या फाइलमध्ये फील्ड रिकामं येतं, पॅक्डमध्ये स्पेस, सॉकसेव्हन (एस०सी७). उपाय साधा आहे. बेरजेआधी टीपी सूचनेने फील्ड वैध आहे का ते तपासा, नसेल तर शून्य धरा आणि पुढे जा. असेम्बल, लिंक, पुन्हा चालवा. अर्ध्या तासाचं काम. कोबोलमध्ये इफ न्यूमेरिक लावतो तसंच.

जुना_यंत्री

कोकणकडा, थांबा जरा. तुमची दुरुस्ती जॉब पळवेल यात शंका नाही. पण प्रश्न सुटला का, ते डंपलाच विचारू.

रानजाई, चिन्हाबद्दल तुमचं बरोबर आहे. (ए, बी आणि ई हेही यंत्र चिन्ह म्हणून स्वीकारतं, पण तयार होणाऱ्या आकड्यांत सहसा सी, डी आणि एफच दिसतात.) आता दोन गोष्टी पुन्हा बघा.

एक: टोटलमध्ये शून्य आहे. फाइलमध्ये हजारो रेकॉर्ड असतील आणि त्यातलं एखादंच खराब असेल, तर तोवर टोटलमध्ये काही ना काही जमायला हवं होतं. इथे काहीच जमलेलं नाही. याचा अर्थ काय निघतो?

दोन: तुम्ही जी दुसरी ओळ दिलीत तिच्यात ९१३४ च्या पुढे काय आहे ते वाचा.

रानजाई

अरे हो! ९१३८ वर ००१२३४५सी. हा तर धडधडीत पॅक्ड आकडा आहे, अधिक १२३४५, म्हणजे १२३ रुपये ४५ पैसे. रक्कम आहे, फक्त चार बाइट पुढे सरकलेली आहे.

आणि टोटल शून्य म्हणजे पहिल्याच रेकॉर्डला पडला. म्हणजे एखादं रेकॉर्ड खराब नाही. प्रत्येक रेकॉर्डमध्ये रक्कम पुढेच असणार.

थांबा, फाइल ब्राउझमध्ये बघून येते.

रानजाई

पाहिलं. ब्राउझमध्ये हेक्स ऑन करून. प्रत्येक रेकॉर्डमध्ये पंचविसाव्या रकान्यापासून रक्कम आहे. पहिल्या रेकॉर्डला अक्षराखाली वरच्या ओळीत ०१३५, खालच्या ओळीत ०२४सी असं उभं दिसलं, म्हणजे ०० १२ ३४ ५सी. आमचा डीसेक्ट रक्कम एकविसाव्या रकान्यात धरतो: दहा बाइट खातं, दहा बाइट शाखा. फाइलमध्ये शाखेला आता चौदा बाइट दिलेले दिसतात. शेवटचा फिलर चार बाइटने कमी केलाय, त्यामुळे रेकॉर्डची लांबी ८० ची ८० च राहिली आणि फाइल उघडताना कुठेच कुरकूर झाली नाही.

कोकणकडा

पटलं. टीपी लावून शून्य धरलं असतं तर जॉब शून्य रिटर्न कोडने संपला असता आणि टोटल कायमची शून्य राहिली असती. रिपोर्ट पुढे गेला असता.

जुना_यंत्री

अगदी हेच. एस०सी७ ने यंत्राने तुम्हाला थांबवलं हे बरं झालं. चुकीच्या जागी योगायोगाने वैध पॅक्ड आकडा असता तर जॉब पडलाच नसता आणि चुकीची बेरीज छापून मोकळा झाला असता. म्हणून माझं सगळ्या नव्या मुलामुलींना आग्रहाचं सांगणं असतं: चुकलेलं फील्ड सापडलं की तिथे थांबू नका. त्याच्या आधीचे आणि नंतरचे तीस-चाळीस बाइट वाचा. फील्ड खराब आहे की जागा चुकली आहे, हे शेजारच्या बाइटांवरूनच कळतं. टूल तुम्हाला ओळ देतं, फील्डही देतं. पण चार बाइट पुढे खरी रक्कम बसली आहे, हे बघायला माणूसच लागतो.

मी हे शिकलो ते सत्तरच्या दशकात, आयआयटी मुंबईत सोव्हिएत ईसी १०३० होतं त्यावर. त्याचा सूचनासंच ३६० चाच. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून गेली तेव्हा आम्हाला वाटलं हे ज्ञान आता कुठे वापरायचं. पुढे वाय२के (सन २००० च्या तारखांचा प्रश्न) आलं आणि तेच एफए, डी२, ५८ हे ओपकोड पुन्हा समोर. तेव्हाचे डंप लाइन प्रिंटरच्या घडीच्या कागदावर यायचे. लाल पेनाने बेस रजिस्टरचा पत्ता वर लिहून ठेवायचा, मग पानं उलटायची. स्क्रीनवरही तो पत्ता शेजारच्या वहीत लिहूनच काम करा. नजरेने पत्ते लक्षात ठेवायला गेलात की हमखास गोंधळ होतो.

हडसनकाठी

उशिरा आलो, पण धागा वाचून फार आनंद झाला. मी न्यू जर्सीत सिस्टिम्स प्रोग्रॅमर आहे, रोजचं काम आयपीसीएसमध्ये (डंप वाचायच्या साधनात). काकांनी मूळ रीत सांगितलीच आहे, मी थोडी भर घालतो.

रानजाई, पूर्ण डंप उघडायच्या आधी जॉब लॉगमध्ये आयईए९९५आय हा मेसेज बघा. त्याला सिम्प्टम डंप म्हणतात. त्यात पीएसडब्ल्यू, आयएलसी, मॉड्यूलचं नाव आणि पत्ता, ऑफसेट, रजिस्टरं, सगळं एका पानात असतं. 'डेटा ॲट पीएसडब्ल्यू' म्हणून जी ओळ येते ती पीएसडब्ल्यूच्या सहा बाइट आधीपासून सुरू होते, त्यामुळे चुकलेली सूचना तिथेच दिसून जाते. एक काळजी घ्या: तिथला ऑफसेट पीएसडब्ल्यूचा असतो, चुकलेल्या सूचनेचा नव्हे. तुमच्या बाबतीत तो १सी२ दिसेल, त्यातून ६ वजा केले की १बीसी.

आता ज्या ठिकाणी ही सरळ रीत फसते ती ठिकाणं.

पहिलं, ईएक्स सूचना. ईएक्सने दुसरीकडची एमव्हीसी (बाइट हलवणारी) किंवा पॅक सूचना चालवली आणि ती पडली, तर पीएसडब्ल्यू ईएक्सच्या पुढे असतो आणि आयएलसी ४ असतो, ईएक्सचा. मागे गेलात की ओपकोड ४४ दिसेल. तो दिसला की समजायचं, खरी दोषी सूचना ईएक्सच्या लक्ष्यावर आहे. तिथली लांबीही छापलेली खरी नाही, कारण ती रजिस्टरच्या शेवटच्या बाइटशी ऑर होऊन ठरते. ते रजिस्टर बघावंच लागतं.

दुसरं, एस०सी४. रीझन कोड ४ असेल तर साधं प्रोटेक्शन एक्सेप्शन, मागे जायचा नियम लागू. रीझन कोड १० किंवा ११ असेल तर त्या पत्त्याला पानच जोडलेलं नव्हतं, आणि तिथे पीएसडब्ल्यू चुकलेल्या सूचनेवरच उभा असतो. तिथे आयएलसी वजा केलात तर एक सूचना मागे जाल आणि निरपराध ओळीकडे बघत बसाल.

तिसरं, पीएसडब्ल्यूत पत्ता २ दिसतोय आणि ॲबेंड एस०सी१. म्हणजे प्रोग्रॅम शून्य पत्त्यावर उडी मारून गेला. बहुतेक वेळा व्ही-कॉन (बाहेरच्या सबरूटीनचा पत्ता ठेवायची जागा) शून्य राहिलेला असतो, लिंक करताना सबरूटीन सापडलेलीच नसते आणि लिंकेज एडिटरचा (तुकडे जोडून मॉड्यूल बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा) इशारा कुणी वाचलेला नसतो. रजिस्टर १५ शून्य आणि १४ मध्ये परतीचा पत्ता, हे बघितलं की उडी कुठून मारली ते कळतं.

आणि उलट बाजू. शून्य पॉइंटरवरून *वाचलं* तर हे यंत्र पडतच नाही. पहिलं पान वाचायला मोकळं असतं. शून्य अधिक १० हेक्सवर सीव्हीटीचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य कोष्टकाचा) पत्ता असतो, तो तुमच्या रजिस्टरमध्ये येऊन बसतो आणि प्रोग्रॅम पुढे कुठेतरी लांब जाऊन पडतो. दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो.

ठिपका

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, नाशिकला. आमच्या अभ्यासक्रमात मेनफ्रेम नाही, पण हा धागा वाचून शिकावंसं वाटलं. घरी हे करून बघता येईल का? मोठं यंत्र तर कुणाकडेच नसतं.

हडसनकाठी

येईल, आणि एक पैसा न घालता.

हर्क्युलिस नावाचा एम्युलेटर आहे, १९९९ पासूनचा, साध्या लॅपटॉपवर चालतो. त्यावर एमव्हीएस ३.८जे ही सत्तरीतल्या घराण्याची ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येते, ती सार्वजनिक वापराला खुली आहे. टीके४- आणि टीके५ नावाचे तयार संच मिळतात, उतरवून घ्या आणि सुरू करा. असेम्ब्लर त्याच्यात आहे, सिसयूडंप आहे. पत्ते २४ बिटांचे आणि सूचना ३७० च्या काळापर्यंतच्या. डंप शिकायला एवढं भरपूर झालं, उलट गर्दी कमी असते.

दुसरा रस्ता झेड३९०. हा जावामध्ये लिहिलेला असेम्ब्लर आणि एम्युलेटर आहे. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम वगैरे काही नाही, प्रोग्रॅम लिहा, चालवा, टेस्ट मोडमध्ये एकेक सूचना पुढे न्या आणि रजिस्टरं बघा. अगदी पहिल्या आठवड्यासाठी मी हाच सुचवेन.

आणि खऱ्या झेड/ओएसवर हात फिरवायचा असेल तर आयबीएमचं झेड एक्सप्लोर आहे. नोंदणी केली की खातं मिळतं, फुकट.

जुना_यंत्री

ठिपका, साधन कुठलंही घ्या, अभ्यास मात्र असा करा: प्रोग्रॅम मुद्दाम पाडा. काय बिघडवलंय हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे डंपमध्ये ते कसं दिसतं एवढंच शिकायचं उरतं.

सुरुवात ॲबेंड मॅक्रोने. ॲबेंड १००,डंप अशी ओळ टाका. हा यूझर ॲबेंड, यू०१००. आयएलसी २ येईल, आयएनटीसी ०डी, आणि मागे दोन बाइट गेलात की ०ए०डी, म्हणजे एसव्हीसी १३ (ऑपरेटिंग सिस्टिमला हाक). रजिस्टर १ मध्ये ८०००००६४ दिसेल. ६४ हेक्स म्हणजे १००, आणि सुरुवातीचा ८० म्हणजे डंप मागितल्याची खूण. सगळं जिथल्या तिथे सापडलं की विश्वास येतो.

मग पॅक्ड फील्डमध्ये स्पेस घाला आणि एपी करा. मग मुद्दाम एलए १२,० करून रजिस्टर १२ मध्ये शून्य घाला आणि पुढे चालू द्या. बेस हरवल्यावर डंप कसा दिसतो ते एकदा स्वतः बघितलं की जन्मभर ओळखता येतं. मग दुसऱ्या सबरूटीनला हाक मारा आणि ती आत पाडा.

शेजारी दोन गोष्टी हव्यात. एक, प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन. यंत्राची सगळी वागणूक त्यात आहे, फुकट उतरवता येतं. ती गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचू नका. ज्या सूचनेवर पडलात तिचं पान उघडा आणि शेवटी 'प्रोग्रॅम एक्सेप्शन्स' खाली काय दिलंय तेवढं वाचा. दोन, सूचनांचं संक्षिप्त कार्ड. ३६० च्या काळी ते हिरवं होतं, ३७० च्या काळी पिवळं. आता पीडीएफ मिळते, पण छापून घ्या.

कोकणकडा

काका, एक मनापासून विचारतो. टूल आहेत, डीबगर आहेत, ब्रेकपॉइंट लावता येतात. टीएसओ टेस्टमध्ये (मेनफ्रेमवरच्या एका डीबगरमध्ये) ॲट +१बीसी दिलं की तिथे थांबतो, लिस्ट ५आर दिलं की रजिस्टर दिसतं. मग हाताने डंप वाचायचा आग्रह कशासाठी?

जुना_यंत्री

टेस्ट जरूर वापरा, शिकायला उत्तम आहे. पण ब्रेकपॉइंट लावायला तीच चूक पुन्हा घडवता यावी लागते. महिनाअखेरीला रात्री दोन वाजता पडलेला जॉब सकाळी पुन्हा तसाच पडेल याची खात्री काय? फाइल बदललेली असते, दुसऱ्या जॉबने टेबल अपडेट केलेलं असतं. घडलेल्या क्षणाचा एकमेव साक्षीदार डंपच असतो. आणि टेस्टमध्ये तुम्ही जे +१बीसी लिहिलंत, ते आलं कुठून? वरच्याच वजाबाकीतून.

रानजाई

आमच्याकडचा उलगडा झाला. वरची फाइल बनवणाऱ्या टीमने शाखेचं नाव चौदा अक्षरी केलं, कोबोलचं कॉपीबुक (रेकॉर्डच्या मांडणीची सामाईक फाइल) बदललं, ते वापरणारे सगळे कोबोल प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केले. असेम्ब्लरचा डीसेक्ट हाताने लिहिलेला, तो कुणाच्याच यादीत नव्हता. आता डीसेक्ट बदलून तीन प्रोग्रॅम पुन्हा असेम्बल केले. बाकी दोन पडले नव्हते, कारण ते रक्कम नुसती एमव्हीसीने उचलून पुढच्या फाइलमध्ये ठेवत होते. म्हणजे त्यांनी स्पेस पुढे पाठवल्या असत्या! काकांनी शेजारचे बाइट बघायला लावलं नसतं तर हे नजरेतून सुटलं असतं.

एक पुढचा प्रश्न. यातला एक प्रोग्रॅम चार सबरूटीनला हाक मारतो. चूक खोल आतल्या सबरूटीनमध्ये झाली तर तिला कुणी बोलावलं होतं ते कसं शोधायचं?

हडसनकाठी

रजिस्टर १३ धरून मागे चालत जायचं.

१३ मध्ये सेव्ह एरियाचा (रजिस्टरं जपून ठेवायच्या जागेचा) पत्ता असतो, अठरा शब्दांचा, म्हणजे ७२ बाइट. त्याच्या अधिक ४ वर मागच्याचा, म्हणजे हाक मारणाऱ्याच्या सेव्ह एरियाचा पत्ता. अधिक ८ वर पुढच्याचा. अधिक १२ वर रजिस्टर १४, मग १५, मग ० पासून १२ पर्यंत ओळीने.

तुम्ही पडलेल्या सबरूटीनमध्ये आहात. १३ घ्या, तिथून अधिक ४ वरचा पत्ता घ्या, तिथे जा. ही हाक मारणाऱ्याची सेव्ह एरिया. तिच्यातला १४ म्हणजे परतीचा पत्ता, तो हाक मारणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुठे येतो ते ऑफसेट काढून बघा. त्याच्या आधीची बीएएलआर १४,१५ किंवा बीएएसआर म्हणजे ती हाक. तिच्यातला १५ म्हणजे पडलेल्या सबरूटीनची सुरुवात. तिथे गेलात तर बहुतेक जुन्या प्रोग्रॅममध्ये ४७एफ०एफ० ने सुरू होणारी उडी, मग लांबीचा एक बाइट आणि मग अक्षरांत सबरूटीनचं नाव दिसेल. नाव डोळ्यांसमोर आलं की शंका राहत नाही. तिच्यातला रजिस्टर १ म्हणजे पॅरामीटरच्या यादीचा पत्ता. यादीतल्या शेवटच्या पत्त्याचा सर्वांत वरचा बिट लावलेला असतो, म्हणून तो ८ ने सुरू झालेला दिसेल.

एक अपवाद लक्षात ठेवा. अधिक ४ वर पत्त्याऐवजी अक्षरांत 'एफ१एसए' दिसलं, तर तो प्रोग्रॅम लिंकेज स्टॅक वापरतो. त्याने रजिस्टरं इथे ठेवलेलीच नाहीत. मग सेव्ह एरियात नाही, डंपमधल्या लिंकेज स्टॅकच्या भागात शोधायचं. 'एफ४एसए' असेल तर ती ६४ बिटांसाठीची मोठी सेव्ह एरिया, १४४ बाइटची, तिची मांडणी वेगळी.

रानजाई

आणि सबरूटीन त्याच लोड मॉड्यूलमध्ये लिंक केलेली असेल तर ऑफसेट मॉड्यूलच्या सुरुवातीपासून काढायचा की सबरूटीनच्या?

जुना_यंत्री

लिस्टिंग प्रत्येक सीसेक्टची (मॉड्यूलमधल्या स्वतंत्र तुकड्याची) वेगळी असते आणि सहसा शून्यापासून सुरू होते, म्हणून ऑफसेट सीसेक्टच्या सुरुवातीपासून हवा. लिंकेज एडिटरचा मॅप काढा. त्यात प्रत्येक सीसेक्टचं मूळ अंतर आणि लांबी असते. मॅप हरवला असेल तर एएमब्लिस्ट चालवून लोड लायब्ररीतून परत काढता येतो.

समजा मॉड्यूलमधला ऑफसेट २डी८ आला आणि मॅपमध्ये तुमची सबरूटीन २८० पासून सुरू होते. मग २डी८ मधून २८० वजा, ५८. सबरूटीनच्या लिस्टिंगमध्ये ०००५८ बघा. तुमच्या त्या चार सबरूटीनचे मॅप आत्ताच काढून लिस्टिंगसोबत ठेवून द्या, ॲबेंड आल्यावर शोधायला वेळ नसतो.

रानजाई

चारही मॅप काढले. दोघींच्या लिस्टिंगच्या तारखा मॉड्यूलशी जुळत नाहीत. त्यांचा सोर्स कुठल्या लायब्ररीत आहे ते शोधायला घेते आणि इथेच लिहिते.